फायबरच्या होडीतले कुजलेले लाकूड

दिवाळे, सारसोळे, करावे, वाशीगाव अशा नवी मुंबईच्या खाडीकाठच्या गावांत फिरताना घरामागे किंवा जेट्टीच्या कडेला टाकून दिलेल्या फायबरच्या होड्या दिसतात. त्यांतल्या पुष्कळशा होड्यांच्या बाहेरच्या अंगाला काही ओरखडे आणि उन्हाने उडालेला रंग यापलीकडे फारसे काही झालेले नसते. आत पाय ठेवला की मात्र पायाखालचे प्लायवूड दबते, कडेच्या फटीतून काळे पाणी वर येते आणि मालक म्हणतो, होडी गेली. अशा वेळी बहुतेकदा तिच्या पोटातले लाकूड तेवढे गेलेले असते. ते कशामुळे गेले हे समजून घेऊन काम केले, तर बाहेरचे कवच आणखी पुष्कळ वर्षे सेवा देऊ शकते. दिवाळ्याला माझ्या चुलत्यांची अशीच एक होडी आम्ही या कोरड्या हंगामात उभी केली. त्या कामातून जे शिकायला मिळाले ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले, कारण आपल्याकडे असे काम जाणणारे कारागीर आहेत, पण ते मराठीत लिहिलेले फारसे सापडत नाही.

होडी सुमारे 5 मीटर लांबीची आहे. खाडीत पाहणीचे काम करणाऱ्या एका ठेकेदाराकडे ती होती आणि काम संपल्यावर काकांनी ती विकत घेतली. आपल्या मासेमारीच्या साध्या फायबरच्या होड्यांत बहुधा आत उघडे कवच आणि बसायला आडव्या फळ्या असतात, त्यामुळे त्यांच्यात कुजण्यासारखे फार थोडे असते. या होडीची रचना वेगळी होती. कवचाच्या तळाला नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागपर्यंत जाणाऱ्या लाकडी तुळया, ज्यांना कारागीर स्ट्रिंगर म्हणतात, त्या काचेच्या धाग्याच्या थरांनी मढवलेल्या होत्या. त्यांच्या मधल्या कप्प्यांत पिवळा फोम भरलेला होता आणि वरून प्लायवूडची सपाट जमीन ठोकून तिच्यावर पुन्हा फायबरचा थर दिलेला होता. इंजिन जिथे टांगतात ती मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, हीसुद्धा फायबरच्या दोन पापुद्र्यांमध्ये दाबलेल्या प्लायवूडचीच होती. थोडक्यात, होडीची सगळी ताकद जिच्यावर उभी होती ती वस्तू डोळ्यांना कुठेच दिसत नव्हती.

लाकूड कुजते ते बुरशीमुळे. बुरशीला अन्न म्हणून लाकूड लागते, त्याशिवाय हवा, ऊब आणि ओल लागते. लाकडातील ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला वाढता येत नाही. ती 30 टक्क्यांच्या आसपास गेली, म्हणजे पेशींच्या भिंती पाण्याने पूर्ण भिजल्या, की मग तिला कोणी अडवत नाही. पूर्णपणे पाण्यात बुडालेले लाकूड हवेअभावी सहसा कुजत नाही आणि कोरडे लाकूडही कुजत नाही. कुजते ते मधल्या अवस्थेतले, ओले पण हवा लागणारे लाकूड. फायबरच्या थरात गुंडाळलेली आणि एखाद्या स्क्रूच्या भोकातून थेंबथेंब पाणी पिणारी तुळई नेमकी याच अवस्थेत वर्षानुवर्षे राहते. आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते, आणि आपल्याकडची हवा तर बारा महिने उबदारच असते.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ती आमच्या गावात अनेकांना पटवावी लागली. या लाकडाचा खरा शत्रू खाडीचे पाणी नाही, पावसाचे पाणी आहे. मीठ बुरशीला मानवत नाही. अमेरिकेत जुन्या काळी लाकडी जहाजांच्या बरगड्यांमधल्या पोकळीत जाडे मीठ भरून ठेवत असत, ते याच कारणासाठी. लाकडी होडीला खाऱ्या पाण्यात जो उपद्रव होतो तो शिंपल्याच्या कुळातल्या, लाकूड पोखरणाऱ्या टेरेडोचा, आणि फायबरच्या कवचाने तो प्रश्न जवळजवळ मिटवला. पण त्याच कवचाने गोड्या पाण्यासाठी एक बंद भांडे तयार केले. ठाणे-बेलापूरच्या या पट्ट्यात पावसाळ्यात 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. काठावर सुलटी ठेवलेली, ताडपत्री फाटलेली आणि मागचे पाणी निथळण्याचे बूच न काढलेली होडी त्या चार महिन्यांत जेवढी कुजते, तेवढी ती खाडीत रोज वापरली असती तर कुजली नसती. काकांची होडी वापरात होती तोवर चांगली होती आणि बाजूला ठेवल्यावर बिघडली, याचे गावातल्या सगळ्यांना नवल वाटत होते. कारण लक्षात आल्यावर त्यात नवल उरत नाही.

जमीन कापण्याआधी कूज कुठवर गेली आहे हे पाहणे आवश्यक असते. लाकडी मुठीच्या लहान हातोड्याने किंवा नुसत्या प्लास्टिकच्या मुठीने इंचाइंचावर ठोकत गेले तर चांगल्या जागी आवाज खणखणीत आणि टणक येतो, कुजलेल्या जागी तो बसका आणि मेलेला येतो. कान सरावला की खडूने नकाशा काढता येतो. तरीही आवाजावर पूर्ण विसंबू नये. आम्ही संशयाच्या आणि बिनसंशयाच्या अशा दोन्ही जागी 5 मिलिमीटरचे ड्रिल फक्त वरच्या पापुद्र्यातून आत घातले आणि बाहेर येणारा भुसा पाहिला. फिकट, कोरडा, कुरकुरीत भुसा म्हणजे लाकूड शाबूत. काळपट, ओला, चिकट आणि आंबूस वासाचा लगदा म्हणजे कूज. ट्रान्समची परीक्षा वेगळी असते. इंजिन लावलेले असताना त्याचा खालचा पाय हाताने वर-खाली हलवायचा आणि दुसऱ्या माणसाने भिंतीच्या कोपऱ्यांकडे पाहायचे. तिथे केसासारख्या चिरा उघडमीट करत असतील, तर आतले प्लायवूड गेले असे समजावे. आमच्या होडीत मागच्या निम्म्या भागातली जमीन, दोन्ही मुख्य तुळयांचा मागचा भाग आणि ट्रान्समचा खालचा पट्टा असे सगळे गेलेले होते. पुढचा भाग जवळजवळ कोरडा निघाला, कारण होडी नाळ किंचित वर ठेवून उभी होती आणि सगळे पाणी मागे साचत होते.

हे काम कधी करायचे, याबद्दल माझे मत गावातल्या प्रथेपेक्षा वेगळे झाले आहे. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये मासेमारी बंदी असते, होड्या काठावर असतात, हाताला काम नसते, म्हणून दुरुस्तीची कामे साहजिकच त्या दिवसांत काढली जातात. जाळी विणायला आणि इंजिन उघडायला तो काळ उत्तम आहे. फायबरच्या कामाला मात्र त्याहून वाईट काळ नाही. हवेतील आर्द्रता रेझिनच्या, म्हणजे काचेच्या धाग्यांना बांधणाऱ्या चिकट द्रवाच्या, घट्ट होण्यात अडथळा आणते, काचेचे मॅट, म्हणजे त्या धाग्यांची चादर, ओल धरते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्या लाकडावर आपण कायमचे झाकण बसवणार ते स्वतःच ओले असते. ओल्या लाकडावर फायबर चढवणे म्हणजे कूज आत ठेवून दार लावणे. म्हणून दिवाळीनंतर सुरुवात करावी, उघडलेली होडी सावलीत आणि वाऱ्यावर भरपूर सुकू द्यावी आणि उन्हाळा फार तापण्याआधी थर चढवून मोकळे व्हावे, हे मला योग्य वाटते.

जमीन आणि तुळया काढून टाकल्या की फायबरचे कवच लवचीक होते. ते त्या अवस्थेत वाकडे झाले आणि नव्या तुळया तशाच चिकटवल्या गेल्या, तर होडी जन्मभर वाकडी चालते. त्यामुळे पहिले काम आधाराचे. आम्ही कण्याखाली जाड लाकडी ठोकळे ठेवले, दोन्ही कुशींना तळाच्या आकाराप्रमाणे कापलेले आडवे पाट दिले आणि त्यांच्यावर जुन्या गोणपाटाची गादी केली. मग गवंड्याच्या पाण्याच्या नळीने दोन्ही काठांची उंची चार ठिकाणी जुळवून घेतली आणि नाळेपासून ट्रान्समच्या मध्यापर्यंत दोरी ताणून ठेवली. काम चालू असेपर्यंत ती दोरी सुटली नाही आणि दर वेळी काम सुरू करण्याआधी ती तपासली गेली. याचसाठी दोन्ही तुळया एकदम उपटल्या नाहीत. एक काढायची, नवी बसवायची, ती पूर्ण घट्ट होऊ द्यायची आणि मगच दुसरीला हात लावायचा.

जमीन कापताना करवतीची खोली प्लायवूडच्या जाडीइतकीच ठेवावी लागते, नाहीतर पाते खालच्या कवचात जाते. कडेला 4 ते 5 सेंटिमीटरची जुनी पट्टी सुरुवातीला तशीच सोडावी, कारण नवी जमीन नेमकी कोणत्या उंचीवर बसवायची याची तीच एकमेव खूण असते. वरचा थर उचलल्यावर खाली फोम लागला. हा पॉलियुरेथेन फोम होडी उलटली किंवा भरली तरी ती तरंगत राहावी म्हणून भरतात, आणि कोरडा असतो तेव्हा तो अतिशय हलका असतो. पण वर्षानुवर्षे पाण्यात राहिलेल्या फोमचे कप्पे हळूहळू पाण्याने भरतात. आम्ही खोऱ्याने काढलेला फोम दाबला की स्वच्छ पाणी निथळत होते, आणि मागच्या कप्प्यातला एकेक गठ्ठा उचलायला दोघे लागत होते. तुळयांच्या दोन्ही अंगांना हा ओला फोम चिकटून असल्यामुळे त्यांना कोरडे होण्याची संधीच कधी मिळाली नव्हती. तुळईचे वरचे फायबर कापल्यावर आतले लाकूड चौकोनी तुकड्यांत भेगाळलेले आणि बोटांनी चुरडण्याजोगे झालेले दिसले. तपकिरी कुजेचे हे ओळखीचे लक्षण आहे.

पाणी आत कुठून आले हे शोधण्यात आम्ही जेवढा वेळ दिला तेवढा इतर कशातच दिला नाही, आणि तो सर्वांत चांगला खर्च झालेला वेळ आहे असे मला वाटते. बैठकीचे पाय ज्या स्क्रूंनी जमिनीला जोडले होते त्यांच्या प्रत्येक भोकाभोवती काळे वर्तुळ होते. पेट्रोलच्या टाकीच्या पट्ट्याचे स्क्रू थेट तुळईत घुसवलेले होते. तुळयांमध्ये पाणी इकडून तिकडे जावे म्हणून जी आरपार भोके ठेवतात, त्यांच्या आतल्या कडा उघड्या लाकडाच्याच ठेवलेल्या होत्या, आणि ट्रान्सममधल्या बुचाच्या भोकाचीही तीच गत होती. म्हणजे बांधणाऱ्याने मोठमोठे पृष्ठभाग उत्तम मढवले होते आणि नंतर कोणीतरी अर्ध्या इंचाच्या भोकांतून सगळे घालवले. नवे प्लायवूड कितीही भारी आणले आणि ही भोके तशीच ठेवली, तर काही वर्षांनी हेच काम पुन्हा करावे लागेल. दुरुस्तीत जमीन बदलण्याइतकेच पाण्याच्या वाटा बदलण्याला महत्त्व आहे.

यानंतरच्या घासण्याच्या कामाबद्दल मी कळकळीने लिहितो, कारण त्यात माणसांच्या शरीराचा प्रश्न आहे. जुन्या फायबरवर नवे फायबर धरते ते मुख्यतः खरवडलेल्या पृष्ठभागाच्या पकडीवर, त्यामुळे 36 किंवा 40 नंबरच्या चकतीने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासावेच लागते. त्यातून उडणारी काचेची धूळ कातडीत रुतते आणि छातीत जाते. तोंडाला रुमाल बांधून हे काम करणारी तरुण मुले मी पाहिली आहेत. रुमालाने ही धूळ अडत नाही. फिल्टरचा चांगला मास्क, डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे हे सामान रेझिनच्या यादीतच लिहावे. रेझिनमधून उडणारी स्टायरीनची वाफ वेगळी, तिला धुळीचा मास्क पुरत नाही. तिच्यासाठी वाफ शोषणारे फिल्टर आणि खेळती हवा लागते. हार्डनर म्हणून, म्हणजे रेझिन घट्ट करण्यासाठी, वापरले जाणारे मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड डोळ्यात गेले तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून काम चालू असताना स्वच्छ पाण्याची भरलेली बादली हाताशी हवी. रेझिनमध्ये ते घट्ट होण्याला वेग देणारे कोबाल्ट आधीच मिसळलेले नसेल, तर ते आधी घालून पूर्ण ढवळावे आणि मगच हार्डनर घालावे. कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन पदार्थ थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत, कारण त्यांची प्रतिक्रिया स्फोटक असते. दुकानात या दोन बाटल्या अनेकदा एकाच पिशवीत देतात. त्या दुकानातूनच वेगळ्या आणाव्यात आणि घरीही वेगळ्या ठेवाव्यात.

नव्या तुळयांसाठी कोणते लाकूड घ्यायचे यावर काका, मिस्त्री आणि मी यांच्यात बरीच चर्चा झाली. काकांचा कल सागवानाकडे होता, आणि ज्यांच्या वडिलांनी सागाच्या होड्या वापरल्या त्यांचा तो असणारच. साग स्वतः टिकतो यात शंका नाही. पण त्याच्या अंगातले तेलच रेझिनला नीट धरू देत नाही, आणि या रचनेत तुळई आणि फायबर एकजीव होणे ही मूळ गरज आहे. शेवटी आयएस 710 प्रतीचे मरीन प्लायवूड घेतले. या प्रतीतल्या फिनॉलच्या गोंदाची परीक्षा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून घेतात. दुकानदार बरेचदा आयएस 303 चे प्लायवूड वॉटरप्रूफ म्हणून पुढे करतात, पण ते फर्निचरसाठी असते. शिक्का स्वतः वाचून घ्यावा. मात्र उकळून टिकतो तो गोंद, आणि मरीन प्लायवूडही ओल आणि हवा मिळाली तर कुजते, हे विसरून चालणार नाही. लाकूड पूर्णपणे टाळून पीव्हीसी फोमच्या तुळया करणे हा आणखी चांगला पर्याय आहे. होडीचे बांधकाम नव्याने करणाऱ्याने तोच घ्यावा, असे माझे मत आहे. आम्ही किमतीचा विचार करून प्लायवूडवर थांबलो.

रेझिनची निवडही अशीच विचाराने करावी लागते. आपल्याकडे सहज मिळणारे आणि कारागिरांच्या हातात बसलेले रेझिन पॉलिएस्टरचे, आणि होडीचे मूळ कवचही त्याचेच असते. ताज्या थरावर ताजा थर चढवताना ते उत्तम काम करते. वर्षानुवर्षे जुन्या, पूर्ण घट्ट झालेल्या पृष्ठभागावर किंवा लाकडावर मात्र इपॉक्सी या दुसऱ्या रेझिनची पकड पॉलिएस्टरपेक्षा निश्चित जास्त असते. इपॉक्सी महाग आहे आणि त्याच्याबरोबर नेहमीचे तुकड्यांचे मॅट चालत नाही, कारण त्या मॅटमधला बांधणारा पदार्थ स्टायरीनमध्ये विरघळावा अशा बेताने बनवलेला असतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसते. त्याला विणलेले कापड लागते. शिवाय इपॉक्सीवर पुढे पॉलिएस्टरचे जेलकोट, म्हणजे सगळ्यांत वरचा रंगीत गुळगुळीत थर, नीट धरत नाही. आम्ही तुळया आणि ट्रान्सम, म्हणजे जिथे सांधा सुटला तर होडीच सुटेल त्या जागा, इपॉक्सीने केल्या आणि जमिनीवरचे थर पॉलिएस्टरने दिले. मात्र या दोन प्रकारची कामे एकमेकांवर येणार नाहीत अशी त्यांची हद्द आखून घेतली.

तुळयांचे साचे पुठ्ठ्याचे केले. तळ कुठेच सरळ नसतो, त्यामुळे जुन्या तुळईचे उरलेले तुकडे आणि कवचावर राहिलेली तिची खूण यांवरूनच नवा आकार मिळतो. कापलेल्या प्रत्येक तुकड्याच्या कडांना पातळ इपॉक्सीचे दोन हात दिले, कारण लाकूड पाणी पिते ते मुख्यतः कडेच्या उघड्या टोकांतून. तुळई थेट कवचावर टेकवली नाही. मध्ये काही मिलिमीटर जागा सोडून ती घट्ट पुट्टीत बसवली, कारण लाकडाची धारदार कड कवचाला एका रेषेत टोचत राहिली तर लाटांच्या आपटण्याने तिथेच भेग पडते. कोनात पुट्टीची गोलाई केली, म्हणजे कापड काटकोनात न मोडता वळणाने उतरते आणि त्याच्याखाली हवा राहत नाही. तुळईवरून कवचावर उतरणाऱ्या पट्ट्या प्रत्येक थराला थोड्या अधिक रुंद घेतल्या, पहिली 75 मिलिमीटर, दुसरी 100, तिसरी 125, म्हणजे सगळ्यांच्या कडा एकाच रेषेत संपत नाहीत. तुळयांची पुढची टोके एकदम तोडलेली नसून लांबवर निमुळती होत जातात. आपल्या खाडीत याला विशेष महत्त्व आहे. उधाणाच्या ओहोटीला पाणी इतके उतरते की होडी चिखलावर किंवा एखाद्या दगडावर टेकते, आणि सगळा भार तळाच्या थोड्याशा भागावर येतो. तो भार तुळईने लांबवर वाटून घ्यायचा असतो.

ट्रान्समचे काम आतल्या बाजूने केले, म्हणजे बाहेरचा पापुद्रा मूळचाच राहिला. 18 मिलिमीटरचे दोन थर इपॉक्सीने एकमेकांना चिकटवून 36 मिलिमीटरची जाडी केली आणि ती शिकंज्यांनी बाहेरच्या पापुद्र्याला दाबून बसवली. वरची उंची आधी मोजून लिहून ठेवली होती. आखूड पायाच्या इंजिनाला साधारण 15 इंच आणि लांब पायाच्या इंजिनाला 20 इंच उंची लागते, आणि त्यात फरक पडला तर पंखा एकतर हवा खातो किंवा नको तितका खोल जातो.

जमिनीसाठी 12 मिलिमीटरचे प्लायवूड वापरले. खालची बाजू बसवण्याआधीच मढवून घेतली, कारण नंतर तिथे हात पोहोचत नाही, आणि जुनी जमीन खालूनच आधी कुजली होती. वरून 450 ग्रॅमच्या मॅटचे दोन थर दिले. मॅटला त्याच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागते, म्हणजे दर चौरस मीटरला एका थरासाठी सुमारे 1 किलो. हा हिशेब आधी केला तर सामान कमी पडत नाही आणि उरतही नाही. हार्डनरचे प्रमाण 1 ते 2 टक्क्यांच्या मध्ये ठेवावे लागते. उन्हाळ्यात पारा 35 अंशांच्या वर गेल्यावर 1 टक्क्यालाही रेझिन पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होऊ लागते. तेव्हा हार्डनर आणखी कमी करण्याचा मोह होतो, पण 1 टक्क्याच्या खाली ते कधीच पूर्ण पक्के होत नाही. त्याऐवजी सकाळी उजाडताच सुरुवात करावी आणि एका वेळी अर्धा-पाऊण किलोच कालवावे. पॉलिएस्टरचा शेवटचा हात मेण मिसळलेल्या रेझिनचा द्यावा लागतो. हवेच्या संपर्कात त्याचा पृष्ठभाग चिकट राहतो आणि मेण वर तरंगून हवा अडवते. दोन थरांच्या मध्ये मात्र मेणाचे रेझिन चालत नाही, कारण त्यावर पुढचा थर धरत नाही.

फोमच्या जागी काय भरायचे हा प्रश्न उरला होता. काहीच न भरणे मला मान्य नव्हते, कारण भरलेली होडी तरंगत राहणे हा जिवाचा प्रश्न आहे. थर्माकोल स्वस्त असतो, पण तो स्टायरीनमध्ये आणि पेट्रोलमध्ये विरघळतो, म्हणून तो होडीत नको. आम्ही बंद पेशींच्या पॉलिथिन फोमचे ठोकळे कापून बसवले आणि ते तळाला किंवा तुळयांना चिकटवले नाहीत. खालून पाणी वाहून मागे जाईल एवढी जागा ठेवली आणि ठोकळे वर तरंगून जमिनीला ठोकरणार नाहीत असे पट्ट्यांनी अडकवले. तुळयांमधल्या प्रत्येक भोकात पीव्हीसी नळीचा तुकडा घासून इपॉक्सीने बसवला, त्यामुळे लाकडाची कड कुठेच उघडी नाही. जमिनीत मागे आणि मध्ये अशी फिरकीची दोन गोल झाकणे ठेवली, म्हणजे हात घालून आत ओल आहे का ते केव्हाही पाहता येते. स्क्रूची प्रत्येक जागा आधी मोठ्या ड्रिलने पोखरली, ती इपॉक्सीच्या पुट्टीने भरली, आणि ती घट्ट झाल्यावर मधोमध लहान भोक पाडून स्क्रू बसवला. स्क्रू आता लाकडाला शिवतच नाही. हे काम कंटाळवाणे आहे आणि मिस्त्रींना ते अनावश्यक वाटत होते, पण माझ्या मते साऱ्या दुरुस्तीत हेच सर्वांत मोलाचे आहे.

निघालेला ओला फोम आणि फायबरचे तुकडे आम्ही गोण्यांत भरून महापालिकेच्या कचऱ्यात रीतसर दिले. फायबर वितळवून पुन्हा वापरता येत नाही, जाळले तर विषारी धूर होतो, आणि खारफुटीत टाकले तर ते तसेच राहते. याच खाडीच्या वरच्या भागाला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ज्या खाडीवर गावे जगली तिच्या चिखलात होडीचे अख्खे कवच टाकून द्यावे लागू नये, यासाठीही अशा दुरुस्त्या व्हायला हव्यात, असे मला मनापासून वाटते.

पाण्यात उतरवण्याआधी होडीत पाण्याने भरलेले कॅन ठेवून जमिनीवर नेहमीच्या वजनाहून जास्त भार दिला आणि दोरीने मोजले. जमीन दबली नाही. मग उधाणाची भरती पाहून ती उतरवली, इंजिनाचा जोर हळूहळू वाढवला आणि परत आल्यावर दोन्ही झाकणे उघडून आत हात फिरवला. बुचाच्या कडेने थोडी ओल होती, ती रबर बदलल्यावर थांबली. पावसाळ्यात होडी नाळ वर करून, बूच काढून, आणि खालून वारा जाईल अशा अंतरावर ताडपत्री ताणून ठेवायची, असे आता ठरले आहे. शेजारच्या दादांच्या होडीचा ट्रान्समही हलतो आहे. ते काम दिवाळीनंतर घेऊ, आणि तोवर तिच्यात पाणी साचू देऊ नका, एवढे त्यांना सांगून ठेवले आहे.